चूलबंद आवतन

परभणी जिल्ह्यात मी आजवर किती लग्नं उभी केली, ते मला सांगता येणार नाही. पण आवतनातून किती घरं सुटली ते विचारा, झोपेतून उठवून विचारा. एकच घर सुटलं. पूर्णेजवळच्या चुडाव्याचं, देविदासमामांचं. आणि आवतन कसं द्यायचं हे मला ज्यांनी शिकवलं ते हेच देविदासमामा. आता बोला!

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं की 'लग्नातल्या गमतीजमती लिहा.' गमती आहेत, त्याही सांगते. पण लिहायला बसलं की हात चुडाव्याकडेच वळतो, त्याला मी काय करू? मी तोंडाची फटकळ म्हणून सगळीकडे बदनाम आहे. तेव्हा स्वतःचंही झाकून ठेवत नाही.

आधी आवतन म्हणजे काय ते लांबच्या वाचकांसाठी सांगते. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. पत्रिका वेगळी, आवतन वेगळं. पत्रिका छापतात, वाटतात, लोक ती खिळ्याला अडकवून ठेवतात. आवतन दारात जाऊन तोंडानं सांगावं लागतं. त्यातही दोन प्रकार. एक म्हणजे घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून रांगत्या लेकरापर्यंत सगळं घर आमच्याकडे जेवायला. ज्याला चूलबंद सांगितलं तो आपला, आणि ज्याला घरटी एक सांगितलं तो ओळखीचा. गोष्ट एवढीशी, पण तिच्यापायी सख्ख्या भावांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरचं पाणी घेतलेलं नाही, हे मी पाहिलंय.

या कामात मी आले ती माझ्या अक्षरामुळं. आमचे हे शाळेत क्लार्क, आणि तेव्हा आम्ही पूर्णेला राहायचो. शेजारी रेल्वेचे गार्डसाहेब होते. त्यांच्या लेकीचं लग्न निघालं, तर पत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालायला मला बसवलं. मी जीव ओतून नावं घातली. त्या लग्नाचा सगळा जिम्मा देविदासमामांकडे होता. मामा रेल्वेत गँगमन होते. ड्यूटी सुटली की आसपासच्या गावांतली लग्नं पार पाडायचे. वेडिंग प्लॅनर हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता; लोक म्हणायचे, 'लगीन मामाच्या अंगावर टाकलंय.' उंच माणूस, डोक्याला फेटा, खांद्यावर दस्ती, म्हणजे मोठा रुमाल. त्यांनी माझी पाकिटं हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"अक्षर लय झाक हाय तुमचं, ताई," ते म्हणाले. "पण अक्षर बघून पावणे येत न्हाईत."

माझं डोकंच सणकलं. दोन रात्री डोळे फोडले होते मी! म्हटलं, "मग कशानं येतात?"

"उद्या संगं या. दाखवतो."

गेले संगं. दोन दिवस उन्हात त्यांच्यामागे सगळी पूर्णा पालथी घातली, चपलेचा अंगठा तुटला. मामांची रीत ठरलेली. दारात उभं राहायचं, आत जायचं नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं, मग ते माणूस खाटेवर पडून असो, त्याला ऐकू येवो न येवो. 'येत्या रविवारी गार्डसाहेबांच्या लेकीचं लगीन हाय, अकरा चाळीसला अक्षता, चूलबंद यायचं.' एवढंच बोलायचं. आणि आतून 'येतो' असं तोंडानं म्हटलेलं ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. नुसती मान हलवलेली मामांना चालत नसे.

एका घरी आजोबा भिंतीकडं तोंड करून पडलेले. मामांनी त्यांचंच नाव घेऊन सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, त्या म्हाताऱ्याला काही कळलं तरी का?"

"त्याला न का कळंना. सुनेला कळलं का न्हाई, सासऱ्याचं नाव घेतलं म्हणून? आवतन माणसाला नसतंय, बाई. घराला असतंय. ध्यानात ठेव."

त्या दिवसापासून मी ताईची बाई झाले आणि तुमीची तू. आमच्याकडे वडीलधारं माणूस 'बाई' म्हणालं की समजायचं, आपण लेकीत जमा झालो. मला वडील लहानपणीच गेलेले. मला त्या शब्दाचं काय वाटलं असेल ते मी लिहीत बसत नाही.

मामा यादी करायचे नाहीत. डोळे मिटून मनातल्या मनात गाव चालायचे. मारुतीपासून निघायचं, उजव्या हातानं एकेक उंबरा घेत यायचं, आडापाशी वळायचं. मी वही काढली की हसायचे. "गाव पायात पायजे, बाई. वहीतलं घर खाडाखोडीत जातंय." आणि एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच लग्नात सांगून ठेवली होती. "आवतन चुकतं ते जवळच्याचं. लांबच्याला माणूस आठवणीनं पत्रिका धाडतो. शेजाऱ्याला म्हणतो, 'सांगू की, पळून चाललाय का.' अन् तेच ऱ्हातं." म्हणून शेवटच्या दिवशी ते उलटे चालायचे, लग्नघरापासून बाहेर. शेजारी, पाठीमागचा, समोरचा. मी हे ऐकलं, मान हलवली. तोंडानं 'हो' म्हटलं होतं की नाही, आठवत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामा मांडवात सापडायचे नाहीत. पहिल्यांदा माझी फार धांदल उडाली. चुडाव्याच्या पलीकडे एका गावात लग्न होतं, आचारी तेल मागत होता, वाजंत्रीवाले चहासाठी अडून बसले होते, आणि मामा गायब. शोधत गेले तर गृहस्थ शाळेच्या गच्चीवर, कमरेवर हात ठेवून उभे.

"मामा, खाली आग लागलीय अन् तुम्ही काय बघायलाव?"

"धूर," मामा म्हणाले.

मग समजावून सांगितलं. ज्या ज्या घराला चूलबंद सांगितलंय, त्या घरावर सकाळी धूर दिसता कामा नये. चहापुरता निघतो, तो लवकर मरतो. पण भाकरीचा धूर निघाला की समजायचं, हे घर रुसलंय, जेवायला यायचं नाही. अक्षता पडायच्या आत तिथं जायचं. चहाचा आणि भाकरीचा धूर मामांना खरंच वेगळा ओळखू यायचा का, ते तेच जाणोत. पण त्या दिवशी त्यांनी बोट दाखवलं ते घर रुसलेलंच निघालं.

ते घर नवरीच्या बापाच्या चुलतभावाचं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. झालं होतं काय, तर नवरीच्या भावानं अण्णांच्या मुलाला फाट्यावर एसटीची वाट बघताना आवतन सांगून टाकलं होतं. रस्त्यातलं आवतन! आम्ही गेलो तेव्हा अण्णा ओसरीवर पाठ करून बसलेले.

"मामा, आलाव तर च्या घ्या," अण्णा पाठीतूनच बोलले. "बाकीचं काई बोलू नका."

"च्या प्यायला कामून येऊ? मी चूल इझवायला आलोय," मामा म्हणाले आणि सरळ उंबऱ्यावर बसले.

उंबऱ्यावर बसणं म्हणजे अपशकुन. आतून वहिनी धावत आल्या, हाताला पीठ तसंच. "अवो मामा, उठा की! असं भरल्या घराच्या उंबऱ्यावर बसतेत का?"

"वैनी, तुमी चुलीवर पाणी टाका, मी उठतो. तुमचं आवतन रस्त्यात पडलं व्हतं. म्या उचलून उंबऱ्यापस्तोर आणलंय. आता आत घ्यायचं का न्हाई ते तुमी बघा."

 तव्यावरची भाकर करपल्याचा वास यायला लागला. वहिनींनी अण्णांच्या पाठीकडे एकदा पाहिलं, आत गेल्या, आणि चर्र आवाज झाला. अण्णा आमच्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "माझा फेटा कुठं ठिवलाय गं?" त्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत अण्णा स्वतः वरण वाढत होते, आणि नको म्हणणाऱ्यालाही वाढत होते.

असं मी शिकले. पुढं यांची बदली परभणीला झाली, आणि मी हळूहळू माझं स्वतःचं काम थाटलं. पाटी लावली, दोन मुली कॉम्प्युटरवर बसवल्या. आता माझ्याकडे यादी असते, रंगवलेल्या रकान्यांची. बुफे असतो, ड्रोन असतो. एका नवरदेवाला जेसीबीच्या बकेटमध्ये बसून यायचं होतं. बसला, आणि कमानीत अडकला. त्याला खाली उतरवेपर्यंत करवलीनं ओवाळणीचं ताट हातात धरून तीनदा निरांजन पेटवलं.

आणि घरचं लग्न काढलेले ते एक प्राध्यापक! मी म्हटलं होतं, "सर, गावाकडची घरं मला द्या, पाच दिवसांत दारोदार सांगून येते." तर हसले. "मॅडम, जमाना कुठं गेलाय! मी सगळ्यांना मोबाईलवर पाठवलंय. निळी खूण आलीय सगळ्यांची." लग्नाच्या दिवशी निम्म्या खुर्च्या मोकळ्या. भावकीतलं एक माणूस नाही. सरांचा चेहरा रडवेला. "मॅडम, त्यांनी अंगठा दाखवला होता हो, मोबाईलवर!" मी म्हटलं, "सर, आपल्याकडं अंगठा दाखवल्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला शिकवायचं का मी?"

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते पोट धरधरून हसले होते. तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, तरी माझ्या प्रत्येक लग्नाला पॅसेंजरनं यायचे. कोठीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. कोठी म्हणजे शिधा ठेवायची खोली. तिथं विश्वासाचं माणूस लागतं. माझ्या यादीत कामाच्या रकान्यात कायम एक ओळ असायची, 'कोठी – देविदासमामा.'

मग माझ्या गौरीचं लग्न ठरलं.

एकुलती एक लेक. 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' अशी गत. बाहेरची दोन लग्नं चालू आणि त्यात हे. पण आवतनात कसर ठेवायची नाही, हे ठरवलं होतं. पहिली पत्रिका पोखर्णीला नरसिंहापुढं ठेवली. पूर्णेच्या जुन्या शेजाऱ्यांच्या दारात मी स्वतः उभी राहिले. प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं, त्यांच्या तोंडचं 'येतो' ऐकलं तेव्हाच हलले. अगदी त्या अंगठेवाल्या प्राध्यापकांच्याही दारात गेले.

आणि एका संध्याकाळी कामाची यादी तपासताना ती ओळ दिसली. 'कोठी – देविदासमामा.' मी म्हटलं, छे! माझ्या लेकीच्या लग्नात मामा कोठीवर बसणार? यंदा त्यांनी मांडवात बसायचं. पहिल्या रांगेत, व्याह्यांच्या शेजारी. मी त्यांच्यासाठी केशरी फेटा आणला, धोतरजोडी आणली. आणि कामाच्या यादीतून त्यांचं नाव माझ्या हातानं काढून टाकलं. फार समाधान वाटलं मला तेव्हा.

आवतनाच्या यादीत ते नव्हतेच. घरच्या माणसाचं नाव तिथं कोण लिहितं? मला वाटलं, ह्यांनी सांगितलं असेल. ह्यांना वाटलं, मामांना काय, हिनंच आधी सांगितलं असणार.

बारा पस्तीसचा मुहूर्त होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, मी मूठभर अक्षता घेऊन पहिल्या रांगेकडे पाहिलं. मामांच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स ठेवलेली. मी ह्यांना हळूच विचारलं, "मामा कुठं बसलेत?"

"तू सांगितलं होतंस ना त्यांना?" हे म्हणाले.

भटजी 'सावधान' म्हणत होते. जन्मभर ऐकलेला शब्द, पण त्या दिवशी तो मलाच उद्देशून होता. हातातल्या अक्षता टाकायचं मला भान राहिलं नाही. गौरी अजूनही म्हणते, 'आई, तू व्हिडिओत अशी काय उभी आहेस गं, कुणी मारल्यासारखी?'

दुसऱ्याच्या लग्नात मी घराघरावरचा धूर बघत फिरले. चुडाव्याचा धूर परभणीहून दिसत नाही.

लेकीची पाठवणी, पूजा, सगळं उरकून तिसऱ्या दिवशी पॅसेंजर धरली. बुंदी, धोतरजोडी आणि तो फेटा घेऊन. वरातीमागून घोडं! मामा लिंबाखाली खाटेवर बसलेले.

"ये बाई," ते म्हणाले. "पोरगी नांदायला गेली का? पंगत कितीला उठली? वरण पुरलं का सगळ्याला?"

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि भडाभडा रडले. "मामा, चुकलं हो माझं."

"चुकतंय. सांगितलं न्हवतं का तुला, जवळच्याचंच चुकतंय."

त्यांनी माझ्यासमोर बुंदी खाल्ली, रुक्मिणला, म्हणजे सुनेला, बोलावून लेकरांना वाटायला दिली. धोतरजोडी ठेवून घेतली. फेटा मात्र उलटापालटा करून पाहिला, माझी पहिली पाकिटं पाहिली होती तसा, आणि माझ्या पिशवीत परत ठेवला.

"हा मांडवातला मान हाय. मांडवातच बांधतेत. घरी बांधला तर मागून घेतल्यावाणी व्हतंय."

मग मात्र माझा तोल गेला. रडता रडता मी त्यांच्यावरच ओरडले, "मग आपणहून का आला न्हाईत? यायचं होतं, भर मांडवात माझ्या कानाखाली द्यायची होती! मी काय परकी होते का?"

मामा रागावले नाहीत. "असं कसं, बाई? आवतन न्हाई तर कसं यायचं? तुला मीच शिकवलं, अन् मीच मोडू व्हय?"

त्यानंतर ते माझ्या एकाही लग्नाला आले नाहीत. गुडघ्यांचं कारण होतं, आणि ते खरंही होतं. मी दर महिन्याला जायची, ते दर वेळी नव्या लग्नाची चौकशी करायचे. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मामा गेले.

आजही लग्नाच्या सकाळी मी कार्यालयाच्या गच्चीवर जाते. ऑफिसातल्या मुली विचारतात, 'मॅडम, खाली रेंज येत नाही का?' काय सांगू त्यांना! सगळीकडे गॅस झालाय, कुठून धूर दिसणार? कोण रुसलंय आणि कोण नाही, वरून काही कळत नाही. मला ते शाळेच्या गच्चीवरचं कमरेवर हात ठेवलेलं माणूस हवं असतं, बाकी काही नको असतं. केशरी फेटा माझ्या कपाटात आहे. तो मी कुणाला बांधलेला नाही.

मामांच्या तेराव्याचं आवतन द्यायला त्यांचा मुलगा परभणीला आला होता. दारातच उभा राहिला. मी म्हटलं, आत ये, पाणी घे. आला नाही. आतल्या खोलीत माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना माणसंही ओळखू येत नव्हती. त्यानं त्यांचं नाव घेऊन सांगितलं, चूलबंद यायचं. आणि मी तोंडानं 'येतो' म्हणेपर्यंत तिथून हलला नाही.

तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी परसात रुक्मिणजवळ बसले होते. मामांना गॅसवरची भाकर गोड लागायची नाही, म्हणून परसातली चूल तिनं तशीच ठेवली होती. ती चुलीला पोतेरं फिरवत होती. मी म्हटलं, "रुक्मिण, माझ्या गौरीच्या लग्नादिवशी मामा काही बोलले का गं? खरं सांग."

तिनं आधी टाळलं. मग हात न थांबवता म्हणाली, "ताई, मामंजींला तिथी ठाऊक व्हती. तुमचा मांडववाला त्यांना ठेसनात भेटला व्हता, त्यानं मुहूर्त बी सांगितला व्हता. त्या दिवशी पाटंचंच उठले. अंघोळ केली, नवं धोतर नेसले, ओसरीवर जाऊन बसले. मी भाकरीला पीठ घेतलं तर म्हणाले, थांब, चूल पेटवू नको. आज बाईच्या घरचं चूलबंद हाय. ती काई इसरायची न्हाई, कुणाला तरी धाडीलच. परभणीकडून दोन गाड्या आल्या अन् गेल्या. लेकरं भुकेजली, त्यांना म्या दूध-लाह्या दिल्या. म्हटलं, मामंजी, आता पेटवू का? तर म्हणाले, अक्षता पडू दे."

"मग?"

"घड्याळाकडंच बघत बसले व्हते. बारा पस्तीस झाले तसे उठले, खांद्यावरची दस्ती झटकली, ओसरीवरनं परभणीच्या दिशेनं चिमूटभर अक्षता टाकल्या. अन् मला म्हणाले, रुक्मिण, पेटव आता चूल."